गायक तोच, साथ वेगळी: हार्ड रॉक गायकाचा सोलो अल्बम ऐकण्याची एक रीत

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बैठकीचा एकच कडक नियम आहे. अल्बम लावल्यावर पहिला तासभर कोणीही “याला बँडची सर नाही” असे म्हणायचे नाही. हे वाक्य खोटे असते म्हणून त्यावर बंदी घातलेली नाही. ते बहुतेक वेळा खरेच असते आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. ज्या गायकाने दहा-पंधरा वर्षे चार जणांच्या साथीने गाऊन नाव कमावले, त्याने स्वतःच्या नावावर काढलेला अल्बम त्या वर्षांतल्या उत्तम गाण्यांशेजारी ठेवला तर तो उणा पडणारच, कारण एका बाजूला आपण गाळून-निवडून मनात साठवलेली गाणी असतात आणि दुसऱ्या बाजूला कालपरवा हाती आलेली दहा-अकरा, बरी-वाईट, सगळीच्या सगळी. असा अल्बम ऐकण्याची जी रीत आम्ही पाच-सहा जणांनी चुकतमाकत बसवली, ती इथे लिहीत आहे. रीत साधी आहे: गायक तोच असताना साथ बदलली की काय होते, एवढेच ऐकायचे. स्पीकर कुठे ठेवावेत इथपासून कोणाला काय विचारावे इथपर्यंतची बाकीची सगळी व्यवस्था या एका गोष्टीसाठी आहे.

मराठी श्रोत्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. १९१३ साली बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी उभी केली. आवाज तोच पण मंडळी दुसरी, हा अनुभव आपल्या पणजोबांनी तिकीट काढून घेतलेला आहे. फरक इतकाच की हार्ड रॉकमध्ये चेहरा गायकाचा असला तरी गाण्याचा सांगाडा पुष्कळदा दुसऱ्याच्या हातचा असतो. आयर्न मेडन या बँडची बरीच गाणी बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने लिहिलेली आहेत. ब्लॅक सबाथ या बँडमध्ये रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुना, टोनी आयोमीच्या आणि बहुतेक शब्द बेसवादक गीझर बटलरचे असत. म्हणून मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन किंवा सबाथचा गायक ऑझी ऑझबर्न स्वतःच्या नावाने समोर येतो, तेव्हा पहिला प्रश्न आवाजाचा नसून श्रेयनामावलीचा असतो. हे लिहिले कोणी, वाजवले कोणी आणि प्रोड्युसर कोण, हे तीन धागे बैठकीपूर्वी एका कागदावर उतरवून ठेवावेत, पण तो कागद यजमानाने आपल्याच खिशात ठेवावा. पाहुण्यांना नावे आधी कळली की ते कानांऐवजी आठवणीने ऐकू लागतात.

आधी प्रत तपासावी

याचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. ऑझी १९७९ साली ब्लॅक सबाथमधून बाहेर पडला, किंबहुना त्याला काढण्यात आले, आणि १९८० साली त्याचा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आला. गिटारवर रँडी ऱ्होड्स, बेसवर बॉब डेझ्ली, ड्रमवर ली कर्स्लेक आणि कीबोर्डवर डॉन एअरी. माझ्याकडे या अल्बमची कॅसेट होती, आणि ती इतकी घासली होती की दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला पहिल्या बाजूचा शेवट पुसटसा उलटा ऐकू येई. २००३ च्या सुमारास ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी त्याची सीडी आणली, घरी येऊन लावली आणि काहीतरी बिनसले. ऑझीचा आवाज तोच, ऱ्होड्सची गिटार तीच. पण ड्रमचा ठोका जड झाला होता आणि बेस कॅसेटमध्ये जिथे वळत असे तिथे वळत नव्हता. मी दोन दिवस दोष कॅसेटला दिला, नंतर प्लेअरला आणि शेवटी स्वतःच्या कानांना. खरी गोष्ट पुढे कळली. मानधन आणि श्रेय यांवरून डेझ्ली आणि कर्स्लेक यांच्याशी वाद झाल्यानंतर, २००२ च्या आवृत्तीत त्या दोघांचे वादन काढून टाकून त्या जागी रॉबर्ट ट्रुहिलो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून तेच भाग नव्याने वाजवून घेतले होते. चाहत्यांनी यावर इतकी नाराजी व्यक्त केली की २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले.

तेव्हा घरातली जुनी सीडी कोणी हौसेने काढली, तर तिच्या मागचे साल आधी वाचावे. नुसते रिमास्टर केलेले असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. ध्वनिमुद्रण तेच असून शेवटची घासपूस तेवढी नवी असते. रिमिक्समध्ये वेगवेगळ्या वाद्यांचे भाग पुन्हा कमी-जास्त करून एकत्र बसवलेले असतात, म्हणजे आवाज पुढे आलेला किंवा गिटार मागे गेलेली असू शकते. नव्याने वाजवून घेतलेली आवृत्ती मात्र वेगळेच प्रकरण असते, आणि ज्या अल्बममध्ये आपल्याला साथच ऐकायची आहे तिथे ही गफलत झाली तर सारी बैठक वाया जाते. शेवटी जोडलेली बोनस गाणीही पहिल्या ऐकण्यात बंद ठेवावीत. ‘ब्लिझर्ड’ मुळात नऊ गाण्यांचा आहे आणि तो नवव्या गाण्यावर संपतो.

नावांचा एक किस्सा येथेच सांगण्यासारखा आहे. डेझ्लीने पुढे वारंवार सांगितले आहे की ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे बँडचे नाव असणार होते. प्रत्यक्षात मुखपृष्ठावर ऑझीचे नाव मोठे झाले आणि बँडचे नाव अल्बमचे शीर्षक होऊन बसले. १९९६ साली ब्रूस डिकिन्सनच्या बाबतीतही शेवट असाच झाला. त्याला ‘स्कंकवर्क्स’ हे बँडचे नाव हवे होते आणि स्वतःचे नाव मागे ठेवायचे होते. कंपनीने त्याच्या नावाशिवाय अल्बम काढायला नकार दिला. म्हणजे मुखपृष्ठावर कोणाचे नाव आहे, यावरून आत कोणाचे काम आहे ते समजेलच असे नाही.

खोली आणि शेजार

या भागात फार रमू नये, पण तो टाळूही नये. ठाण्यातल्या जुन्या इमारतीत बैठकीची खोली म्हणजे बहुधा दहा बाय बारा, एका भिंतीला शोकेस, समोर दिवाण. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत. काचा थरथरतात आणि बेसचा नुसता घुमारा होतो. ते कोपऱ्यातूनही बाहेर काढावेत, भिंतीपासून हातभर पुढे आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत, आणि दोन स्पीकरमध्ये जितके अंतर असेल साधारण तितक्याच अंतरावर ऐकणाऱ्याने बसावे. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींतल्या मोठ्या काचेच्या खिडक्यांवरून झांजांचा आवाज टणकन परत येतो, त्यासाठी जाड पडदा ओढून घ्यावा; पडदा नसेल तर दांडीवर गोधडी टाकली तरी काम भागते. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या घरांत अडचण वेगळी असते: तिथे भिंतीपलीकडच्या घड्याळाचा गजर आपल्याला ऐकू येतो, तेव्हा आपला ड्रम पलीकडे कसा पोहोचत असेल याचा अंदाज करावा. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. पण हार्ड रॉकच्या बाबतीत शेजाऱ्यांचा संयम त्याच्या बराच आधी संपतो. आम्ही रविवारी दुपारी चार ते सात ही वेळ ठरवली आहे.

फोनमधला बेस बूस्ट आणि तत्सम सोयी बंद कराव्यात. शफल तर बंदच करावे. अल्बम मध्यावर थांबवून चहा घ्यावा, कारण जुने अल्बम रेकॉर्डच्या दोन बाजूंसाठी रचलेले असत आणि दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे ताज्या कानांसाठी ठेवलेले असे.

पहिले ऐकणे लोकलमध्ये करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ठाणे–पनवेल प्रवासात एक मध्यम लांबीचा अल्बम व्यवस्थित मावतो आणि म्हणून मोह होतो. परंतु गाडीचा खडखडाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि तो नेमका बेस व ड्रमचा खालचा भाग गिळून टाकतो. उरतो तो गायकाचा आवाज आणि गिटारची वरची धार. मग घणसोली यायच्या आत आपण ठरवून मोकळे होतो की साथ कमकुवत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र लोकल चांगली, कारण तोवर न ऐकू येणारा बेस कान स्वतः भरून काढतात.

जोड्या लावून ऐकणे

आता मुख्य गोष्ट. नवा सोलो अल्बम थेट समोर ठेवण्याआधी कानांना एक सवय लावावी लागते, आणि त्यासाठी अशी गाणी निवडावीत ज्यांत गायक एकच पण साथ दोन वेगळ्या मंडळींची आहे. ती एकापाठोपाठ एक वाजवावीत. दोन्हींचा आवाज सारखा करून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण जे किंचित मोठ्याने वाजते ते माणसाला अधिक चांगले वाटते आणि नव्या आवृत्त्या बहुधा अधिक मोठ्या आवाजात तयार केलेल्या असतात.

सर्वांत शिकवणारी जोडी क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड वाजवलेला हा गायक एप्रिल १९८५ मध्ये ‘मिस्टर बॅड गाय’ घेऊन आला. म्युनिकमध्ये प्रोड्युसर राइनहोल्ड मॅकच्या सोबतीने केलेला हा अल्बम, क्वीनच्या गिटारला सरावलेल्या कानांना सिंथेसायझरने भरलेला आणि नाचरा वाटतो. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेला. १९९५ साली क्वीनच्या उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ हा अल्बम पुरा केला, तेव्हा ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी, ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’, त्यांनी त्याचा सोलो अल्बममधला आवाज तसाच ठेवून भोवती आपली वाद्ये नव्याने वाजवून सजवली. म्हणजे गायन अक्षरशः तेच, आणि बदलली ती केवळ साथ. प्रयोगशाळेत मांडावा असा हा प्रयोग आयता तयार आहे.

आम्ही ही जोडी लावली त्या दिवशी तळमजल्यावरचे काका बसले होते. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि क्वीन हे नाव त्यांनी नातवाच्या टी-शर्टवर वाचले होते, एवढाच त्यांचा संबंध. दोन्ही गाणी दोन्ही रूपांत ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “अरे, पहिल्यात गाणारा ठेक्यावर बसलाय. दुसऱ्यात ठेका त्याच्या मागनं चाललाय.” त्यांना १९८५ आणि १९९५ या तारखा ठाऊक नव्हत्या, गायक मध्ये वारला आहे हेही ठाऊक नव्हते. पण दुसऱ्या वेळी वाजवणाऱ्यांपुढे आवाज आधीच ठरलेला होता, तो आता जराही थांबणार नव्हता की पुढे सरणार नव्हता, आणि ड्रमला त्याच्याच मागे जावे लागले होते. मी तेव्हापासून जोडी लावताना पहिला प्रश्न हाच विचारतो की कोण कोणाच्या मागे चालले आहे. सोलो अल्बमचे बरेचसे गुणदोष या प्रश्नाच्या उत्तरात सापडतात. भाड्याने आणलेली साथ गायकाच्या मागे इमाने चालते, त्याला कुठे अडवत नाही. बँडमधली साथ त्याला अडवते, ढकलते, प्रसंगी त्याच्यावर कुरघोडी करते, आणि आपल्याला बँडमध्ये जे आवडत होते ते कित्येकदा ही ओढाताणच असते.

दुसरी जोडी उलट दिशेची आहे. १९८९ साली डिकिन्सनने एका भयपटासाठी ‘ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर’ हे गाणे सोलो गायक म्हणून केले. गिटारवर यानिक गर्स होता. स्टीव्ह हॅरिसला ते इतके आवडले की मेडनने ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि जानेवारी १९९१ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मेडनला तो मान त्या एकाच गाण्याने मिळालेला आहे. येथे सोलो गाणे आधीचे आणि बँडचे नंतरचे. ऐकताना बेसकडे लक्ष द्यावे. मेडनच्या आवृत्तीत हॅरिसचा बेस गिटारच्या बरोबरीने पुढे येतो आणि गाणे अधिक जड पावलांनी चालते. माझे मत विचाराल तर मला मूळ आवृत्ती जास्त खट्याळ वाटते आणि म्हणून जास्त आवडते. बैठकीत मी या मतावर एकटा पडतो.

तिसरी जोडी म्हणजे वर सांगितलेल्या ऑझीच्या दोन आवृत्त्या, जुन्या सीडीच्या कृपेने घरात उपलब्ध असतील तर. तिथे गायक आणि गिटार दोन्ही तेच राहून फक्त खालचा पाया बदलतो, त्यामुळे ज्यांना बेस नेमका कुठे असतो हेच कळत नाही अशा नवख्यांसाठी ती फार उपयोगी आहे. व्हॅन हेलन या बँडचा आधीचा गायक डेव्हिड ली रॉथ याने १९८६ च्या ‘ईट देम अँड स्माइल’ या अल्बमची स्पॅनिश आवृत्तीही गायली होती. साथ तीच, भाषा निराळी. शब्द दोन्हीकडे न कळणाऱ्या आमच्यातल्या एकाने ती जोडी सर्वांत मन लावून ऐकली.

या तालमीनंतर मग खरा अल्बम लावावा. पहिल्या खेपेला डिकिन्सनचा १९९८ चा ‘द केमिकल वेडिंग’ मी सुचवेन, आणि त्याच वर्षी मेडनने ब्लेझ बेली या दुसऱ्या गायकासह काढलेला ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ त्याच्या पुढच्या रविवारी. एका बाजूला बँडाविना गायक, दुसऱ्या बाजूला त्या गायकाविना बँड. डिकिन्सनच्या बाजूला रॉय झीची आणि मेडनचा जुना गिटारवादक एड्रियन स्मिथ याची गिटार खूप खालच्या सुरात लावलेली आहे, त्यामुळे आवाजाला वर मोकळे आकाश मिळते. कवी विल्यम ब्लेक याच्या कल्पनांवर बेतलेले शब्द त्या मोकळ्या जागेत ठासून उभे राहतात. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही मेडनमध्ये परतले. ते परतले म्हणून चाहत्यांनी ‘केमिकल वेडिंग’ला बँडकडे नेणारी पायरी मानून टाकले, हे मला अन्यायाचे वाटते. पायरी म्हणून तो अल्बम फार चांगला घडवलेला आहे.

चाहते काय म्हणतात आणि ते कसे ऐकावे

१ फेब्रुवारी २००८ रोजी मेडनच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यक्रमाने झाली. बँड ज्या बोइंग ७५७ विमानाने हिंडत होता ते डिकिन्सन स्वतः चालवत असे. कार्यक्रम संपल्यावर कुर्ल्याच्या फलाटावर ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतो आणि शेजारच्या दोघांत कडाक्याचा वाद चालला होता: एकाचे म्हणणे, याने सोलो अल्बमांत वाया घालवलेली वर्षे मेडनला द्यायला हवी होती, दुसऱ्याचे म्हणणे, ती वर्षे नसती तर हा आवाज आज टिकलाच नसता. ते दोघे आज आमच्या बैठकीत आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातून एक गोष्ट समजली की चाहता सोलो अल्बमबद्दल बोलतो तेव्हा निम्म्या वेळा तो अल्बमबद्दल बोलतच नसतो. बँड फुटल्याचे किंवा फुटेल याचे त्याला वाईट वाटत असते, आणि ते सांगायला अल्बम ही हाताशी असलेली जागा असते.

हे ओळखण्याची सोपी खूण आहे. समोरचा माणूस कोणत्याही एका गाण्याचे नाव न घेता बोलत असेल, तर तो बँडबद्दल बोलतो आहे. अशा वेळी त्याच्याशी अल्बमच्या गुणांवर वाद घालू नये. “तुला कोणतं गाणं अर्ध्यात बंद करावंसं वाटलं?” एवढेच विचारावे; उत्तर आले तर बोलणे मार्गी लागते.

१९८६ साली ही दुफळी अगदी उघड झाली होती. रॉथ १९८५ मध्ये व्हॅन हेलनमधून बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी सॅमी हेगर आला होता. १९८६ मध्ये बँडचा ‘५१५०’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि रॉथचा अल्बम चौथ्या. रॉथने गिटारला स्टीव्ह वाय आणि बेसला बिली शीहान असे तयारीचे वादक घेतले होते, तेव्हा साथ कमी पडली असे कोणालाच म्हणता आले नसते. तरीही दोन तट पडलेच, आणि ते अजून पुरते बुजलेले नाहीत. मुळात बँड म्हणजे गायक असे मानले की तट पडणार. किस या बँडने १८ सप्टेंबर १९७८ रोजी आपल्या चारही सदस्यांचे चार सोलो अल्बम एकाच दिवशी काढले, आणि त्यांतले सर्वांत गाजलेले सिंगल, म्हणजे सुटे काढलेले गाणे, दोन मुख्य गायकांचे नव्हते, तर गिटार वाजवणाऱ्या एस फ्रेलीचे होते.

काही वेळा चाहत्यांची नाराजी अल्बमबद्दलचीच असते आणि ती मान्य करावी. साउंडगार्डन या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल याचा २००९ चा ‘स्क्रीम’ हा प्रोड्युसर टिंबलँडच्या तालयंत्रांवर उभा आहे. साउंडगार्डनच्या चाहत्यांनी त्याला नावे ठेवली, आणि मी तो तीन बैठकांत प्रामाणिकपणे ऐकूनही मला तो पटला नाही: आवाज अप्रतिम आहे, पण काकांच्या भाषेत सांगायचे तर गाणारा सतत ठेक्यावर बसलेला आहे आणि त्याला उठूच दिलेले नाही. त्याच गायकाचा १९९९ चा ‘युफोरिया मॉर्निंग’ लावावा आणि त्यानंतर २०११ चा ‘साँगबुक’, ज्यात तो प्रेक्षकांसमोर मुख्यतः एकट्या गिटारीवर गातो, म्हणजे नेमके काय गमावले होते ते दिसते. उलट लेड झेपेलिन या बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याच्या बाबतीत चाहत्यांचे म्हणणे मला कधी समजले नाही. डिसेंबर २००७ मध्ये लेड झेपेलिन लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले तेव्हा सगळ्यांना मोठा दौरा हवा होता. प्लँट मात्र गायिका अॅलिसन क्रॉससोबत केलेल्या ‘रेझिंग सँड’ची शांत गाणी घेऊन दौऱ्यावर गेला आणि त्या अल्बमला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तिथे तो ओरडत नाही, दुसऱ्या आवाजाला जागा देतो. त्या अल्बमात झेपेलिन शोधणे म्हणजे भावगीताच्या कार्यक्रमाला जाऊन लावणीची फर्माईश करण्यासारखे आहे.

बैठकीत मते कशी घ्यावीत, तर चिठ्ठीवर, आणि नाव न लिहिता. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचे मत सगळ्यांचे होते. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायला सांगाव्यात: बँडमध्ये हा गायक जे करत नसे असे काही त्याने कोणत्या गाण्यात केले, साथीतले कोणते वाद्य सर्वांत आधी कानात भरले, आणि कोणते गाणे आत्ता पुन्हा लावावे. आवडला की नावडला हे विचारू नये. तिसऱ्या प्रश्नात ते आपोआप येते. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर यजमानाने खिशातला श्रेयांचा कागद काढावा. याच वेळी नियम शिथिल होतो आणि ज्याला बँडची सर काढायची आहे त्याने ती खुशाल काढावी. आमच्या अनुभवाप्रमाणे तोवर ती काढणारे एक-दोघेच उरतात, आणि ते पुराव्यानिशी बोलतात.

दुसरी बैठक

एकदाच ऐकून सोडू नये. महिना-दीड महिन्याने तोच अल्बम पुन्हा लावावा, जुन्या चिठ्ठ्या बाजूला ठेवाव्यात आणि या वेळी क्रम उलटा करावा: शेवटचे गाणे आधी. कारण पहिल्या खेपेला सातवे-आठवे गाणे येईस्तोवर कान थकलेले असतात, कोणाला फोन आलेला असतो, कोणी कांदाभजीकडे पाहत असतो, आणि शेवटच्या गाण्यांवर दर वेळी अन्याय होतो. डिकिन्सनचा ‘द मँड्रेक प्रोजेक्ट’ १ मार्च २०२४ रोजी आला, आधीच्या सोलो अल्बमनंतर तब्बल १९ वर्षांनी. आम्ही तो रविवारी, ३ तारखेला लावला. त्याचे शेवटचे गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे आहे, संथ आहे, आणि त्यात तो काही ठिकाणी गाण्याऐवजी बोलतो. त्या दिवशी ते सुरू असतानाच चहा आला आणि एकाही चिठ्ठीवर त्या गाण्याचा उल्लेख आला नाही. एप्रिलमधल्या बैठकीत आम्ही तेच पहिले लावले, पडदा ओढून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या खेपेला पाचांपैकी तीन चिठ्ठ्यांवर ते होते. काकांनी त्या दिवशी चहा आधीच पिऊन घेतला होता.